अक्काची सही

मंगरूळपीरच्या कापड दुकानात मी त्या सकाळी कितीतरी वेळ नुसता उभा होतो. दुकान नुकतंच उघडलं होतं. एक माणूस झाडू मारत होता आणि गादीवरची पांढरी चादर अजून झटकायची होती. भाचीचा फोन साडेसातला आला होता. "मामा, आई गेली," एवढंच ती बोलली. मग म्हणाली, "तुमी पातळ घेऊन या."

आमच्याकडं सासरी बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं पातळ माहेरचं असतं. भाऊ असेल तर भावानं आणायचं. ते आल्याशिवाय उचलत नाहीत. नवरा मागं ठेवून गेली असेल तर हिरवं. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. माझ्या सख्ख्या बहिणीला हिरव्यातलं कोणतं हिरवं आवडायचं, ते मात्र माहीत नव्हतं.

दुकानदारानं सवयीनं पाच-सहा पातळं पुढं टाकली आणि कोणासाठी पाहिजे म्हणून विचारलं. बहिणीसाठी, मी म्हणालो. घरी काही कार्यक्रम आहे का, त्यानं विचारलं. मी समोरचं एक पातळ उचललं आणि परत खाली ठेवलं. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं, पुढं टाकलेली पातळं हातानंच मागं सारली, उठून वरच्या फळीवरून एक काढलं आणि उलगडून न दाखवता कागदात बांधलं.

"याच्यात पसंती करत नसतात, भाऊ," तो म्हणाला. "घेऊन जा."

शेजाऱ्याच्या गाडीनं आम्ही निघालो. पुडकं बायकोच्या मांडीवर होतं. शेलूबाजार आलं. तिथून मालेगावकडं वळताना माझ्या लक्षात आलं, की अक्काला मी आजवर दिलेलं एकही पातळ मी स्वतः निवडलेलं नव्हतं. आधी आईनं निवडली, मग बायकोनं. मी फक्त दिली. आज एकटा निवडायला गेलो, तर तेही दुकानदारानंच निवडलं.

अक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आमच्यामध्ये झालेली दोन मुलं जगली नाहीत. मी जन्मलो आणि तिची शाळा सुटली, हे दोन्ही एकाच महिन्यात झालं. आमचा भाजीपाल्याचा मळा होता, गावापासून चालत दहा मिनिटांवर. मेथी, कोथिंबीर, वांगी, हिवाळ्यात पालक आणि मुळे. पहाटे काढलेली भाजी सकाळी मंगरूळच्या बाजारात गेली पाहिजे, त्यामुळं आईला बाळंतपणानंतर फार दिवस घरात बसता आलं नाही. मग मला कोण धरणार? तिसरीत असलेल्या मुलीचं नाव शाळेतून कमी झालं आणि मी तिच्या कमरेवर आलो. आई सांगायची की मी तीन वर्षांचा होईपर्यंत अक्काची डावी बाजू माझ्या वजनानं थोडी वाकडीच झाली होती. अक्का हे ऐकून हसायची आणि मुद्दाम तशी वाकडी चालून दाखवायची.

तिचं एक काम घरात कोणालाच तिच्यासारखं जमत नव्हतं. मेथीची जुडी बांधणं. डाव्या मुठीत काड्या, मुळ्या एका रेषेत, उजव्या हातानं केळीच्या सोपटाचा पट्टा दोनदा फिरवायचा आणि टोक आत खोचायचं. गाठ नाही. बाजारात गिऱ्हाईक जुडी उचलून हलवून पाहतं, अक्काची जुडी कधी सुटली नाही. मला तो खोच आजही जमत नाही. मी रबर लावतो.

मी दुसरीत होतो तेव्हा शाळा सुटली की मळ्यात जायचो. अक्का ओलीत करत असायची, म्हणजे फावड्यानं एका वाफ्याचं तोंड बंद करून दुसऱ्या वाफ्यात पाणी सोडायची. वाफा भरेपर्यंत तिला काम नसायचं. ती बांधावर उकिडवी बसायची आणि मी माझी मास्तरकी सुरू करायचो. तिसरीपर्यंतचं ती बरंचसं विसरली होती. अक्षरं ओळखायची, पण हात चालत नव्हता. पाण्याच्या दंडाकाठच्या ओल्या मातीत मी काडीनं तिचं नाव लिहायचो आणि तिनं खाली गिरवायचं. तीनच अक्षरं. ती आधी वरची रेघ ओढायची, लांबलचक, एका दमात, आणि मग त्या रेघेला एकेक अक्षर खाली टांगायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. मी रागवायचो. गुरुजी सांगतात, आधी अक्षर, मग रेघ. ती म्हणायची, "आधी आढं टाकाव लागते, मास्तर. मंग घर."

एकदा आमच्या गुरुजींसारखी मी तिला हातावर छडी मारली. खरंच मारली, लागेल अशी. तिनं एक क्षण माझ्याकडं पाहिलं आणि दुसरा हात पुढं केला. तोपर्यंत वाफा भरून पाणी बांधावरून वाहायला लागलं होतं. त्याबद्दल वडिलांची बोलणी तिनं खाल्ली, मी नाही.

सहा महिन्यांत तिला नाव लिहिता यायला लागलं. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. कुठं लिहायची ती? मातीत, चुलीपुढच्या राखेत, एकदा मागच्या भिंतीवर कोळशानं. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं आणि ती मालेगावकडच्या एका गावी गेली. भाटवे, म्हणजे अक्काचे यजमान, कमी बोलणारा माणूस. कोरडवाहू शेती. तिकडं मेथीच्या जुड्या बांधायचं कामच नव्हतं. दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती यायची आणि आल्या-आल्या, चहा प्यायच्या आधी, मळ्यात जाऊन विहिरीजवळच्या वाफ्याशी बसायची. तो वाफा तिचाच होता. तिच्या लग्नानंतरही आई त्यात तिच्या हातानंच बी टाकून घ्यायची, ती येईपर्यंत थांबून.

आई आधी गेली. काही वर्षांनी वडील गेले.

आता जे लिहायचं आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही कोणाला वाटणार नाही, कारण आमच्याकडं घराघरात हेच होतं. वडिलांच्या तेरवीनंतर गावातल्या चार जाणत्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लागेल, तेव्हा वेळेत हक्कसोड करून घे. बहिणी देतातच. साडीचोळी करायची, सही घ्यायची. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्यासमोर मामानं आईची अशीच सही घेतली होती, नाही, सही नव्हे, अंगठा घेतला होता.

तरी अक्काला विचारायला मी स्वतः गेलो नाही. फोन केला. समोर बसून विचारायची मला लाज वाटत होती, हे आज कळतं. तेव्हा वाटलं होतं की कामाची घाई आहे. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. पाऊस, सोयाबीन, तिच्या मुलीची शाळा. शेवटी तिनंच विचारलं, "बाबू, कायच्यासाठी फोन केला?" मी सांगितलं. ती लगेच म्हणाली, कोणत्या दिवशी येऊ ते सांगजो.

ठरलेल्या दिवशी ती एकटी एसटीनं आली. मंगरूळच्या कचेरीबाहेर, कडुलिंबाखाली टेबल टाकून बसणाऱ्या लिहिणाऱ्यानं कागद तयार ठेवला होता. अक्काच्या नावापुढं त्यानं आधीच लिहून टाकलं होतं, निशाणी डावा अंगठा. खेड्यातली बाई, नऊवारीतली, त्याला विचारायची गरज वाटली नाही. त्यानं शाईची डबी उघडून पुढं सरकवली आणि तिचा हात धरायला गेला.

"मले सही येते," अक्का म्हणाली.

ती हे जरा मोठ्यानंच बोलली. शेजारच्या टेबलावरचे दोघं-तिघं वळून पाहायला लागले. लिहिणारा हसला, त्यानं आपले शब्द खोडले आणि पेन दिलं. अक्कानं कागद स्वतःकडं फिरवून घेतला. पेन मुठीत धरल्यासारखं धरलं. आधी रेघ ओढली, लांब, एका दमात. मग एकेक अक्षर त्या रेघेला टांगलं. कागद उलटू नये म्हणून मी त्याचं एक टोक दाबून धरलं होतं. 

आणि मला त्या वेळी काय वाटत होतं? अभिमान वाटत होता. मी त्या लिहिणाऱ्याला सांगितलंसुद्धा, की हिला मी शिकवलं, मी दुसरीत होतो तेव्हा. तो म्हणाला, वा. अक्का माझ्याकडं पाहून हसली. मी शिकवलेली सही तिनं आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर केली, आणि ती मला तिचं सगळं देऊन टाकायला केली. त्या वेळी हे माझ्या मनातही आलं नाही. मी कागदाचं टोक दाबून उभा होतो.

मग मंगरूळच्या त्याच कापड दुकानातून बायकोनं सांगून ठेवलेलं पातळ घेतलं. बसस्टँडवर बसलो असताना अक्का म्हणाली, "बाबू, एक सांगू? थो विहिरीपाशीचा वाफा तेवढा मोडू नको. मी येईन तवा मेथी टाकीन. अन् दरसाल बोलावजो मले. बस. दुसरं काई नाही."

मी म्हणालो, हे काय सांगणं झालं. वाफा तुझाच आहे.

पहिली चार-पाच वर्षं मी शब्द पाळला. मग मळ्यात मजूर मिळेनासे झाले. भाजीला रोज पहाटे उठायला कोण तयार आहे? मी अर्ध्या मळ्यात हळद लावली आणि ठिबक टाकलं. ठिबकाच्या नळ्या सरळ जायला पाहिजेत, मधे वाफे चालत नाहीत. यंत्र आलं आणि एका सकाळी सगळं सपाट करून गेलं. मी बांधावर उभा होतो. विहिरीजवळचा वाफा मोडताना मला त्याची आठवण झाली नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठवण झाली होती. यंत्राचं भाडं तासावर होतं, थांबवायला मला जड गेलं.

त्या दिवाळीला अक्का आली आणि सवयीनं चहाआधी मळ्यात गेली. मी मागोमाग गेलो. ती विहिरीपाशी उभी राहिली, नळ्यांच्या रांगांकडं पाहिलं, पायानं एका थेंबाखालची माती दाबून पाहिली. म्हणाली, "पाणी मस्त बसून राह्यलं." आणि घरी आली. त्यानंतर ती येऊन चहा आधी पिऊ लागली.

तिनं कधी बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, भांडलो असतो, आणि मग एखादा वाफा परत बांधलाही असता. पुढं माझी मुलं शिकायला अकोल्याला गेली, दिवाळीत आम्हीच तिकडं जायचो, आणि अक्काला बोलावणं एक वर्षाआड झालं, मग फोनवर आलं. भाऊबीज फोनवर. ती म्हणायची, कामं असतात बाबू, मले समजत नाही काय.

मागच्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. अकोल्याच्या दवाखान्यात पोट उघडलं आणि तसंच बंद केलं. डॉक्टरांनी मला आणि भाटव्यांना बाहेर बोलावून सांगितलं की घरी न्या, जे खावंसं वाटेल ते द्या. तिला आम्ही काही सांगितलं नाही. तिला सगळं समजलं होतं असं भाची म्हणते.

सुट्टी मिळाली त्या दिवशी गाडीत बसवताना तिनं माझा हात धरून ठेवला.

"बाबू, मले चार दिस घरी ने. विहिरीपाशी बसीन जराशीक. मंग आणून सोडजो."

मी हो म्हणालो. पुढच्याच आठवड्यात न्यायला येतो म्हणालो. घरी येऊन मी पाहिलं तर आमचा संडास जुन्या पद्धतीचा, खाली बसायचा. तिला तर गुडघे मोडून बसता येत नव्हतं. कमोड बसवल्याशिवाय कसं आणायचं? मी मिस्त्रीला बोलावलं. कमोड आणला. मिस्त्री म्हणाला, बसवायचाच आहे तर फरशीही नवी टाकून घ्या. फरशी आली ती कमी पडली. मग मिस्त्रीच्या घरी लग्न निघालं. दर तीन-चार दिवसांनी दुपारी भाचीच्या फोनवरून अक्का फोन करायची आणि मी सांगायचो, जरा हे काम आटपू दे अक्का, लगेच येतो. एकदा ती म्हणाली, "मी काय थ्या कमोडवर बसाले येऊन राह्यली काय रे?" आणि हसली. हसताना तिला दुखलं, ते मला फोनमधून ऐकू आलं.

काम चालू होतं हे खरं आहे. मी खोटं बोललो नाही. पण घरातली बाज अंगणात टाकून, एक साधी खुर्ची मधे कापून, चार दिवसांची सोय कोणीही करतो. आमच्या गावात म्हाताऱ्यांसाठी तसंच करतात. मला ते सुचलं होतं. मी केलं नाही, कारण मला भीती वाटत होती. आमच्याकडं मानतात की लेकीनं डोळे सासरीच मिटावेत. ती आली आणि माझ्या घरात तिला काही झालं, तर लोक काय म्हणतील, भाटवे काय म्हणतील, तिला परत नेता येईल का, कोणत्या गाडीतून. मी तिच्या येण्याचा विचार करायला बसायचो आणि तिच्या नेण्याचाच विचार करून उठायचो. बायको दोनदा म्हणाली की घेऊन या, मी पाहते सगळं. तेव्हा मी तिच्यावरच चिडलो. दोष तिच्यावर ढकलायची सोयसुद्धा मला नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला आणि दुपारपर्यंत काम पुरं करून गेला. त्याला कोणी नको म्हणून सांगितलं नव्हतं.

आम्ही मालेगावकडच्या त्या गावी पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. सगळे थांबले होते. पुरुष ओट्यावर, बाया आत. तिरडी बांधून तयार होती. मी पुडकं घेऊन दारात आलो तशी उंबऱ्याशी बसलेली एक म्हातारी, भाटव्यांची चुलती, आतल्या बायांना म्हणाली, "उठा वं. माहेर आलं."

मी मागं वळून पाहिलं. बायको अजून गाडीपाशी होती, माझ्याशिवाय दारात कोणी नव्हतं.

पुडकं त्या म्हातारीनंच सोडलं. पातळ गडद हिरवं निघालं, बारीक पिवळ्या काठाचं. चांगलं होतं. बायांनी अक्काला ते गुंडाळलं, कुंकू लावलं. कोणीतरी म्हणालं, सोनं झालं बाईचं, नवऱ्याच्या आधी गेली. मी तिच्या पायाशी उभा होतो. तिचा चेहरा इतका बारीक झाला होता की त्या नव्या पातळात ती सोळा-सतरा वर्षांची मुलगी दिसत होती. डावा हात बाहेर राहिला होता, तो कोणीतरी आत घेतला. तो हात एकदा पाहू द्या, असं मला म्हणायचं होतं. म्हणालो नाही.

तेरवीला मी गेलो. जेवणं झाल्यावर भाचीनं मला आत बोलावलं. ती शाळेत शिकवते, कागदपत्रांचं तिला कळतं. भाटव्यांना त्यातलं काही जमत नाही, म्हणून आईचं सगळं तीच पाहत होती. तिनं लोखंडी पेटीतून एक पिशवी काढली. बँकेचं पुस्तक, रेशनकार्ड, दवाखान्याचे कागद, बचत गटाची वही. बँकेत काहीतरी लिहून द्यायचं होतं आणि तिला मला आईचं जन्मसाल विचारायचं होतं. मी सांगितलं. कागद चाळता-चाळता माझ्या लक्षात आलं, आणि मग मी प्रत्येक कागद उलटून पाहायला लागलो.

सगळीकडं अंगठा होता. बँकेच्या फॉर्मवर अंगठा. बचत गटाच्या वहीत दर महिन्याला, ओळीनं खाली, अंगठा. पोट उघडायच्या आधी दवाखान्यात दिलेल्या संमतीच्या कागदावर अंगठा. प्रत्येकाच्या बाजूला कोणाच्या ना कोणाच्या अक्षरात लिहिलेलं, निशाणी डावा अंगठा.

मी भाचीला विचारलं, की आईनं सही का केली नाही कुठं?

तिनं मान वर केली. "आईले सही कुठी येत होती, मामा?"

मी म्हणालो, येत होती. चांगली येत होती.

"मी तिले शिकवते म्हणत होती," ती म्हणाली. "किती खेपा म्हटलं मी. आई, नाव तरी लिहायले शिक, आजकाल लहान पोरं हासतात. तं म्हणे, राहू दे बाई, माह्या हातून नाही होत."

लग्न झाल्यापासून भाची गावातच दोन गल्ल्या पलीकडं राहते. रोज आईला भेटायची. त्या मुलीला माहीत नव्हतं. भाटवे दारात येऊन उभे राहिले होते, त्यांना विचारलं.  ते म्हणाले, लग्नाच्या वेळी म्हणत होती की येते. पण बँकेत पहिल्यांदा नेलं तेव्हा साहेबानं विचारलं, तर नाही येत म्हणाली. मला वाटलं, विसरली असंन.

बँकेचं ते पुस्तक हक्कसोडीनंतरच्या वर्षीचं आहे. त्याआधीचा तिच्या नावाचा एकही कागद पिशवीत नव्हता.

मी त्या दोघांना लिंबाखालची गोष्ट सांगितली. टेबलावरच्या माणसानं शाईची डबी पुढं केली होती, तिथपासून. मातीत लिहायचो, तेही सांगितलं.  भाचीनं मधे एकदाच विचारलं, मग नंतर अंगठा का देत होती? मला माहीत नव्हतं. मला अजूनही माहीत नाही. कधी वाटतं, ती रुसली होती. कधी वाटतं, तिला साहेबासमोर नुसती लाज वाटली असेल, आणि एकदा नाही म्हटल्यावर पुढं तेच चालू राहिलं असेल. माणूस इतक्या साध्या कारणानंही एखादी गोष्ट सोडतो. लग्नानंतर ती मेथीची जुडी बांधत नव्हती, म्हणून काही ती कोणावर रुसली होती असं नाही. पण विचारायचं कोणाला? ज्या फोनवर ती दुपारी बोलायची तो फोन भाचीच्या हातात होता. त्या दुपारींपैकी एका दुपारी मी मिस्त्रीचं सांगण्याऐवजी एवढं विचारू शकलो असतो.

निघताना भाची म्हणाली, "मामा, थ्या कागदाची झेरॉक्स देसान मले? आईचं अक्षर पाहाचं आहे."

घरी आल्यावर मी कपाटातून तो कागद काढला. इतक्या वर्षांत उघडला नव्हता. लिहिणाऱ्याचे खोडलेले शब्द तसेच आहेत आणि त्यांच्याखाली ती रेघ, किंचित चढती, आणि रेघेला टांगलेली तिची अक्षरं. शेवटच्या अक्षरापाशी शाई जरा पसरली आहे. मी कागद घेऊन मंगरूळला गेलो. झेरॉक्सवाल्याला म्हणालो, एवढ्या सहीचीच काढ, बाकीवर कोरा कागद ठेव. त्यानं ठेवला. काचेवर नुसती सही राहिली. तेवढी फार सुंदर दिसत होती, नुसतंच कोणीतरी लिहिलेलं नाव. तशी प्रत भाचीला दिली असती तर तिला ती आवडली असती, आणि वरचा मजकूर तिनं कधी वाचला नसता. हक्कसोडीचं तिला ऐकून माहीत झालं होतं. पण ऐकणं वेगळं. आईनं स्वखुशीनं, कोणाच्या दबावाविना, आपला सर्व हक्क भावाच्या लाभात कायमचा सोडून दिला आहे, हे वाचणं वेगळं.

यंत्र सुरू करायच्या आधी मी तो कोरा कागद काढून घेतला. म्हणालो, सगळं पान काढ.

दुसऱ्या दिवशी मी ते स्वतः नेऊन दिलं. भाचीनं उभ्यानंच वाचलं, पहिल्या ओळीपासून. वाचायला तिला वेळ लागला. मी सांगितलं, की विहिरीजवळचा तुकडा मी तुझ्या नावावर करून देतो, कागद तयार करायला टाकतो. हे मी येताना ठरवलं होतं आणि वाटेत दोनदा मोठ्यानं म्हणूनही पाहिलं होतं.

"आता कागद नका काढू, मामा," ती म्हणाली. रागानं नाही. मग सहीवरून बोट फिरवत म्हणाली, "आईनं आधी रेघ ओढली वाटते."

मी हो म्हणालो. तिनं पान घडी घालून त्या पिशवीत ठेवलं, बाकीच्या कागदांबरोबर.

आई गेल्यावर मुलीला मामानं चार दिवस घरी न्यायचं असतं. मी त्याच दिवशी तिला म्हणालो, चल. आता तीन महिने होत आले. दर आठवड्याला फोन करतो. विहिरीपाशी मी एक वाफा बांधला आहे, ठिबकाच्या दोन नळ्या उपटून. त्यात अजून काही टाकलेलं नाही. ते मी तिला सांगत नाही, फक्त ये म्हणतो. ती दर वेळी चांगलं बोलते, मामीची चौकशी करते, आणि म्हणते, येते ना मामा, जरा घरचं काम आटपू द्या.

तिच्या घरी खरंच काम असेल.